हजेरीपटावर नसलेली बाई

४ फेब्रुवारी

सिस्टरबाई,

तुझा पाय प्लास्टरमध्ये असल्याचं कळलं. सव्वीस वर्षं छातीच्या वॉर्डात पेशंटांना "हळू चाला" म्हणून दरडावणारी बाई स्वतःच्याच बाथरूममध्ये घसरते, यातच सगळं आलं. फोन करणार होतो, पण फोनवर तू मलाही पेशंट समजून ओरडतेस. पत्र बरं. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

इकडची मोठी बातमी म्हणजे गुंडाळ्या आजारी पडलाय. तुला आठवत असेल, माझ्या हाताखाली एकोणीस वर्षं होता. वाफेच्या पाइपांना अॅस्बेस्टॉसचा ओला लेप लावायचा आणि वरून कापडी पट्टी गुंडाळायची, एवढंच त्याला येत होतं, म्हणून गुंडाळ्या. तेही धड नाही. मी फोरमन असताना त्याची पट्टी मी कितीदा सोडवून परत गुंडाळायला लावली असेल. तर आता हे महाशय नाकात नळी घालून पडलेत आणि आल्यागेल्याला सांगतायत की कारखान्याच्या धुळीनं छाती गेली. मी भेटायला गेलो आणि तोंडावर सांगितलं, अरे, अख्ख्या खात्यात सगळ्यात जुना मी. बत्तीस वर्षं ती धूळ खाल्ली. दरवर्षीच्या फुंकायच्या तपासणीत माझा काटा सगळ्यांच्या वर. व्हायचं तर आधी मला होईल, तुझा नंबर कुठून लागला? त्यावर तो नुसता हसला. उत्तर असतं तर दिलं असतं.

घरी दुसरी नाटक कंपनी आहे. तुझी वहिनी. तिसऱ्या मजल्यावर यायचं तर बाई दर मजल्याला थांबतात आणि खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहतात. बाहेर काय आहे, तर समोरच्या इमारतीची मागची भिंत. विचारलं तर "जरा बघत होते" म्हणे. ताटात अर्धं जेवण टाकून उठते. परवा भांडी घासताना बोटातली अंगठी गळून मोरीत गेली, ती मी पाइप खोलून काढली. इतकी वेंधळी बाई मी पाहिली नाही. वय झालं की बायकांना आळसाला निमित्त म्हणून आजार सापडत नाही, मग त्या दमतात.

पाय जप. मोडायला आता एकच राहिलाय.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचलं. गुंडाळ्याबद्दल लिहिलेली पहिली दोन पानं मी एका दमात वाचली, कारण त्यात नवं काही नव्हतं. तुला सगळे कामचोर वाटतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला ताप आला होता तेव्हा तू मला चिमटा काढून बघितला होतास, खरा आहे का ते.

पण शेवटचा परिच्छेद चारदा वाचला. त्याची उत्तरं दे. फोरमनगिरी न करता, नुसती उत्तरं.

वहिनी जिन्यात थांबते ती कधीपासून? खोकला आहे का, आणि असला तर कोरडा की बेडका पडतो? छातीत किंवा बरगडीत दुखतं का, आणि एकाच बाजूला का? खांद्यापर्यंत जातं का? झोपताना कोणत्या कुशीवर झोपते, की उशा लावून बसूनच झोपते? उशी घामाने ओली होते का? अंगठी गळून पडली ती वेंधळेपणाने की बोट बारीक झालं म्हणून, हे तुझ्या डोक्यात आलंच नाही ना? तिचं वजन करून आण. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काटा असतो.

आणि तिला विचारू नकोस, ती "काही नाही" म्हणेल. बघ. एकेचाळीस वर्षं त्याच घरात राहतोस, आता जरा डोळे उघडून बघ.

धाकटी


२० फेब्रुवारी

सिस्टरबाई,

रिटायर झालीस तरी तपासणी सुटत नाही. बरं, घे उत्तरं, तुझा जीव शांत होऊ दे.

जिन्यातलं थांबणं तीन-चार महिन्यांचं असेल. खोकला आहे, कोरडा, नुसती खुकखुक, मी टीव्ही बघायला बसलो की हमखास सुरू. उजव्या बरगडीला हात लावून बसते, म्हणे आत काहीतरी रुततंय. खांदाही उजवाच. मी म्हटलं, गादी बदलू. उजव्या कुशीवर झोपते, सरळ झोपली की श्वास अडकतो म्हणे, म्हणून अलीकडे दोन उशा लावते. माझी उशी पळवून. घाम येतो, पण आमच्या घरात खिडकी उघडायला तिला आवडत नाही, मग येणारच. कपडे मात्र सगळे आत शिवून घेतलेत. मला वाटलं, फॅशन. काट्यावर नऊ किलो कमी निघाली. दुकानदाराला मी सांगितलं, तुझा काटा खराब आहे.

आता तू धूळ-धूळ करणार, मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो. ही बाई कारखान्याच्या फाटकात एकदाही आलेली नाही. माझा डबासुद्धा पोऱ्याकडून यायचा. धुळीशी तिचा संबंध काय तो संध्याकाळी. मी आलो की बॉयलर सूट जिन्यातल्या कठड्यावर झटकायची आणि मग घासून धुवायची. आणि काय धुवायची! सगळ्या खात्यात माझा सूट सगळ्यात पांढरा. नंतर मॅनेजमेंटला शहाणपण सुचलं, कारखान्यातच लाँड्री काढली, कपडे घरी न्यायचे नाहीत असा हुकूम. मी लेखी दिलं की माझे कपडे माझी बायको तुमच्या लाँड्रीपेक्षा बरे धुते, मला गरज नाही. माझं बघून टोळीतल्या अकराही जणांनी तसंच लिहून दिलं. लाँड्रीवाला हात चोळत बसला. अशी टोळी होती माझी, एका शब्दावर चालणारी.

तर सिस्टरबाई, धूळ खाल्ली मी, आणि मी दोन-दोन पायऱ्या चढतो. तिला काय होणार?

दादा


२५ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले आणि प्लास्टर विसरून पाय टेकला. तुला बरं वाटेल ऐकून, खूप दुखलं.

आता नीट वाच. मी सोप्या भाषेत लिहिते, कारण तू फोरमन आहेस.

फुफ्फुसाला बाहेरून पातळ अस्तर असतं. अॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत जातात आणि तिथे जाऊन रुततात. काही होत नाही. वीस वर्षं होत नाही, तीस वर्षं होत नाही, कधी चाळीसही. मग त्या अस्तराला कॅन्सर होतो. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. एका बाजूला दुखणं, कोरडा खोकला, धाप, वजन उतरणं, घाम, आणि फुफ्फुसाभोवती पाणी भरणं. वर्षानुवर्षं मी हेच पेशंट उचलून बसवले आहेत. तुझ्या पत्रात यातलं फक्त पाणी नाही, आणि तेही असणार, नाहीतर सरळ झोपल्यावर श्वास कशाला अडकेल? खात्री माझी नाही, तपासणीची. दुसरं काही निघालं तर मी तुझी माफी मागेन, फ्रेम करून भिंतीला लाव.

आणि हा आजार हजेरीपट बघून येत नाही, दादा. सीनियॉरिटी लागत नाही. शंभर जण धूळ खातात, त्यातल्या थोड्यांनाच होतो, आणि का त्यांनाच ते कुणाला सांगता येत नाही. तुला झाला नाही यात तुझं काही कर्तृत्व नाही. आमच्या वॉर्डात अशा बायका यायच्या ज्यांनी कारखाना बाहेरूनसुद्धा पाहिला नव्हता. त्यांनी फक्त कपडे धुतले होते. झटकताना ढग उठायचा तो त्यांच्या तोंडासमोर. मीही शिकत असताना दोन वर्षं तुमच्याकडे राहून रविवारी ते सूट झटकले आहेत. म्हणून दरवर्षी एक्स-रे काढते. आजवर साफ आहे.

तुझ्या त्या पांढऱ्याशुभ्र सूटची फुशारकी परत मारू नकोस. लाज वाटू दे.

उद्या सकाळी वहिनीला घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जा. एक्स-रे. डॉक्टर विचारतील, कधी धुळीत, अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलंय का? तेव्हा हे सगळं सांग. मला पाय असता तर मीच आले असते आणि तुला बाहेरच्या बाकावर बसवलं असतं.

धाकटी


२ एप्रिल

सिस्टरबाई,

सहा आठवडे लिहिलं नाही, कारण दवाखान्याच्या फेऱ्यांत वेळ नव्हता. आता माफी लिहून पाठव, फ्रेम मी आणतो.

घेऊन गेलो होतो. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला पाणी निघालं. पाठीत सुई घालून दीड लिटर काढलं, लालसर होतं. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण बोलायला बरा. म्हणाला, टीबी असावा, आपल्याकडे पाणी म्हटलं की बहुतेक तेच असतं, सहा महिने गोळ्या घ्या. गोळ्या चालू आहेत. पाणी काढलं त्या दिवशी ती बिनथांबता तिसऱ्या मजल्यावर आली. बघ, झालं बरं. टीबी! तू एवढा बोभाटा केलास.

हो, विचारलं त्यानं. घरात कुणी कारखान्यात, धुळीत काम केलंय का? मी म्हटलं, मी केलंय, मी ठणठणीत आहे. यांनी? म्हटलं, यांनी कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलं नाही. खरं तेच सांगितलं. तुझी वहिनी शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. चूक असतं तर बोलली असती.

गुंडाळ्या पंधरा मार्चला गेला. मी गेलो होतो. लोक माझ्याकडे बघत होते, का ते माहीत नाही. तुझी वहिनी त्याच्या बायकोजवळ दोन तास बसून होती, एवढं काय बोलत होत्या कोण जाणे.

एक गोष्ट, रागावू नकोस. परवापासून ती परत मजल्याला थांबायला लागली आहे. गोळ्या अंगी लागायला वेळ लागत असेल ना?

दादा


७ एप्रिल

दादा,

नाही. गोळ्यांना वेळ लागत नाहीये. पाणी परत भरलंय.

डॉक्टरला दोष देणार नाही. टीबी हा शहाणा अंदाज होता, मी असते तर पहिल्यांदा तोच केला असता. पण त्याला तू अर्धीच गोष्ट सांगितलीस, मग तो पुरता अंदाज कुठून करणार? "फाटकसुद्धा पाहिलं नाही." वा! वाक्य खरं आणि माणूस खोटा. बत्तीस वर्षं तू कामगारांच्या पट्ट्या सोडवून बघितल्यास की आत पोकळी राहिली का, आणि स्वतः मात्र डॉक्टरसमोर वरवर लेप फासून आलास. गुंडाळ्या बरा. त्याची पट्टी वाकडी होती, पण तो खोटं बोलला नाही.

तुला भीती कशाची आहे ते मला कळतं. धूळ मान्य केली की लाँड्रीचा कागद मान्य करावा लागेल, आणि मग ते अकरा जण. भित्रा आहेस तू. आयुष्यभर मोठ्या आवाजात बोललास, म्हणून कुणाला कळलं नाही.

मला तुझी कीव येते आणि किळसही येते, दोन्ही एकदम. पण तू माझा भाऊ आहेस आणि ती माझी वहिनी आहे, माझ्या शिक्षणासाठी तू कारखान्यात ओव्हरटाइम केलास तसा तिनं घरात केलाय, तुझ्या कपड्यांवर. त्यामुळे शेवटचं सांगते. उद्याच त्या पोरगेल्याशा डॉक्टरसमोर उभा राहा आणि सांग: हिनं सव्वीस वर्षं माझे अॅस्बेस्टॉसचे कपडे झटकले आणि धुतले. एवढं एकच वाक्य. मग तो अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवेल. त्याशिवाय ही गाठ सुटणार नाही. सांगितलं नाहीस तर मी कुबड्या घेऊन येईन, आणि मी आले तर तुझ्या जिन्यात उभी राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं सांगेन.

धाकटी


१८ एप्रिल

धाकटे,

सांगितलं.

ओपीडी भरलेली होती. डॉक्टर म्हणाला, बसा, मी म्हटलं, नको, उभ्यानंच सांगतो. तुझं वाक्य तोंडपाठ करून गेलो होतो, पण "कपडे" पर्यंत आलो आणि पुढचं येईना. मग तुझी वहिनी म्हणाली, "बोला, बोला, पेशंट थांबलेत." तेव्हा बोललो. लाँड्रीचंही बोललो. ते कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं रागावेल. तो म्हणाला, हे आधी कळायला हवं होतं, बरं झालं आलात. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

बरगड्यांमधून दुर्बीण घालून तुकडा काढला. काल रिपोर्ट आला. तू लिहिलं होतंस तेच नाव. मला ते उच्चारता येत नाही. मी पाहिलंय, कागदावर ते एका ओळीत मावतं.

माझ्याही छातीचा फोटो काढला. अस्तरावर जुने डाग आहेत म्हणाले, पण कॅन्सर नाही. साफ नाही आणि आजारीही नाही. माझ्यासारख्याला काय म्हणायचं ते कुणाला कळत नाहीये.

मी गुंडाळ्याला म्हटलं होतं, तुझा नंबर कुठून लागला.

ती माझ्याशी फार बोलत नाही. पाणी हवं का म्हटलं तर हो किंवा नाही. तू तिला लिही. मला माफ कर म्हणावं तिला. तुझं ती ऐकते.

दादा


९ मे

वन्सं,

तुमच्या भावाचं पत्र तुम्हाला पोचलं असेल, आणि मध्यस्थी करायची गळही घातली असेल. करू नका. मी आता बरी लिहू शकते, बाजूला नळी ठेवली आहे, तीतून पाणी निघून जातं, श्वासाला बरं वाटतं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध असतं, ते झालं की दोन दिवस कशालाच तोंड लावत नाही. डॉक्टरांना मी विचारलं, किती? त्यांनी महिन्यांत सांगितलं. वर्षं म्हणाले नाहीत. मी ऐकून घेतलं. रडले ते घरी येऊन, हे खाली औषध आणायला गेले होते तेव्हा.

तुम्हाला एक कबूल करायचंय. मला कळलं होतं. गुंडाळ्याभावजी गेले त्या दिवशी त्यांच्या बायकोनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, कसं उजवीकडे रुतायचं, कपडे कसे सैल झाले, खोकला कसा कोरडा. मी ऐकत होते आणि आपोआप बरगडीवर हात गेला. तिनं तो हात बघितला आणि बोलायची थांबली. नाव मला माहीत नव्हतं, पण ओळख पटली. डॉक्टरसमोर यांनी फाटकाचं सांगितलं होतं, ते तोवर होऊन गेलं होतं. मी दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन सांगू शकले असते. नाही गेले. हट्ट धरून बसले की हे बोलतील, यांच्या तोंडून येईल. एकेचाळीस वर्षांत यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की तुला काय दुखतंय. म्हटलं, बघू. त्यात महिना गेला माझा. मीही काही शहाणी नाही, वन्सं. नवऱ्याला ओळखत असूनही त्याच्याकडून अपेक्षा ठेवणारी बाई मूर्खच म्हणायची.

आता यांचं ऐका. रिपोर्ट आल्यावर आठ दिवस हे खिडकीशी बसून होते. मग एका सकाळी हिशेबासारखी अकरा नावं कागदावर लिहिली, ज्यांनी यांचं बघून लाँड्रीला नकार दिला ते. दिवसाआड एका घरी जातात. दारात उभं राहून सांगतात, माझ्यामुळे तुझे कपडे घरी धुतले गेले, बायकोची छाती तपासून घे, तुझीही. तिसऱ्या घरी एकानं आत बोलावून चहा दिला आणि हे बाहेर पडताना तो हसला. चौथ्या घरी तर, "माझी बायको कधी फाटकात आली होती का?" असं म्हणून दार तोंडावर लावलं. ते ऐकून हे घरी आले, बुटांसकट पलंगावर पडले आणि म्हणाले, "तो माझ्याच आवाजात बोलला गं." मी म्हटलं, "मग, कसा वाटला आवाज?" पाचव्या घरची बाई मात्र दुसऱ्याच दिवशी गेली. तिला थोडं पाणी निघालं. धाप लागायच्या आधी आली, बरं झालं, असं तिला डॉक्टर म्हणाले. तिनं यांना निरोप पाठवला, नमस्कार म्हणून. यांनी तो निरोप मला दोनदा सांगितला.

काल जेवताना परत तेच. "मला माफ केलंस का?" मी म्हटलं, "नाही." तोंड एवढंसं झालं. तुम्ही म्हणाल, आता कशाला ताणून धरता, दिवस किती उरलेत. मलाही वाटतं कधी कधी. मध्ये यांनी माझी उशी नीट करून दिली, तेव्हा तोंडाशी आलं होतं. पण मी या माणसाला ओळखते. माफ केलं की हे बूट काढून बसतील, आणि अजून चार घरं राहिली आहेत.

तुमची,
वहिनी